फिल्टर बरोबर, मग यादी चुकली कशी?

दुपारी चारच्या सुमारास एचआरमधून निरोप आला, "सेल्स सोडून बाकी सगळ्यांची यादी आजच्या आज हवी." पाच मिनिटांचं काम. मी डिरेक्टरी सर्व्हरला एक फिल्टर दिला, आलेली यादी एक्सेलमध्ये टाकून पाठवली आणि चहाला गेलो. परत आलो तर एचआरच्या मॅडम माझ्या टेबलापाशी उभ्या. "अहो, आपल्याकडे माणसं साडेबाराशे. तुम्ही पाठवलीत एकतीसशे. आणि हे 'प्रिंटर दुसरा मजला' कोण? यांची जॉइनिंगची फाइल माझ्याकडे नाही."

फिल्टर एवढाच होता:

(!(डिपार्टमेंट=सेल्स))

(वाचायला सोपं जावं म्हणून फिल्टर इथे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत द्यायचे, हे सांगायला नकोच.)

उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही'. कंस जुळत होते, स्पेलिंग बरोबर होतं, सर्व्हरने एरर दिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर यादीही बरोबरच होती. सेल्समध्ये नसलेलं जे जे काही आहे ते दे, असं मी विचारलं होतं. प्रिंटर सेल्समध्ये नाही, हे तर खरंच आहे.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कंपनीतली माणसं, ग्रुप, कॉम्प्युटर, प्रिंटर या सगळ्यांची नोंदवही. लॉगिन करताना पासवर्ड तपासला जातो तो इथेच. तिच्याशी बोलायची भाषा म्हणजे एलडॅप. १९८८ च्या एक्स.५०० या अवजड मानकाला हलकी वाट म्हणून १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ती आकाराला आली. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असो की लिनक्सवरचं ओपनएलडॅप, दोन्ही हीच भाषा बोलतात. फिल्टर कसा लिहायचा याचं आजचं व्याकरण २००६ च्या आरएफसी ४५१५ या इंटरनेट मानकात आहे आणि ते दोन पानांत समजतं. अडचण व्याकरणाची नसतेच. सर्व्हर त्या फिल्टरचं नेमकं काय करतो हे डोळ्यांसमोर नसतं, तिथे घोळ होतो.

हो, नाही आणि 'सांगता येत नाही'

तलाठ्यासमोर सातबाराच्या गठ्ठ्यातला एकेक कागद येतोय अशी कल्पना करा. प्रत्येक कागदाला तो एकच प्रश्न विचारतो. उत्तर 'हो' आलं तर कागद बाजूला काढतो, नाहीतर पुढचा घेतो. आधीच्या कागदावर काय होतं ते त्याच्या लक्षात नसतं आणि दोन कागदांची तुलना तो करत नाही. एलडॅपचा फिल्टरही एका वेळी एकाच एंट्रीवर, म्हणजे नोंदीवर, लागतो. फक्त इथे उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: हो, नाही आणि सांगता येत नाही. यादीत येते ती फक्त 'हो'वाली एंट्री.

प्रिंटरच्या एंट्रीत डिपार्टमेंट हा रकानाच नाही. 'डिपार्टमेंट सेल्स आहे का?' या प्रश्नाला तिचं उत्तर 'नाही'. हे 'सांगता येत नाही' नव्हे, सरळ 'नाही'. पुढे लावलेल्या उद्गारचिन्हाने ते उलटं होऊन 'हो' झालं आणि प्रिंटर यादीत आला. त्याच वाटेने कॉम्प्युटर आले, ग्रुप आले, ओयूसुद्धा (डिरेक्टरीतले विभागांचे कप्पे) आले. एसक्यूएलची (टेबलांच्या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची) सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिथे रिकाम्या रकान्यावर 'च्या बरोबर नाही' ही अट लावली तर ती ओळ गळते. इथे ती आत येते.

दुरुस्त केलेला फिल्टर असा, सुरुवातीचं & म्हणजे 'आणि':

(&(ऑब्जेक्टकॅटेगरी=पर्सन)(ऑब्जेक्टक्लास=यूझर)(डिपार्टमेंट=*)(!(डिपार्टमेंट=सेल्स)))

नुसतं (ऑब्जेक्टक्लास=यूझर) का पुरत नाही? अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या स्कीमात (कोणत्या एंट्रीत कोणते रकाने, याच्या नियमावलीत) कॉम्प्युटर हा क्लास यूझर या क्लासपासूनच निघालाय. म्हणून 'यूझर दे' म्हटलं की प्रत्येक डेस्कटॉप आणि लॅपटॉपही हात वर करतो. त्यांना गाळायला ऑब्जेक्टकॅटेगरीची अट लागते.

(डिपार्टमेंट=*) म्हणजे 'डिपार्टमेंट भरलेलं आहे, मग ते काहीही असो'. ही अट टाकताना मात्र थांबून विचार करावा, कारण ज्या माणसांचं डिपार्टमेंट भरायचं राहून गेलंय तीसुद्धा आता गळतात. एचआरला ती हवीत की नकोत? मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तीच तर आधी द्या." निघाली ४१. त्यातलं एक नाव माझं होतं.

आता तिसरं उत्तर. समजा टाइप करताना डिपार्टमेंटमधलं एक अक्षर गळलं. सर्व्हर स्कीमात शोधतो, असा अ‍ॅट्रिब्यूटच, म्हणजे रकानाच, नाही. अशा वेळी एरर येईल असं आपल्याला वाटतं, पण प्रोटोकॉल म्हणतो की तो तुकडा 'सांगता येत नाही' धरून पुढे चला. गंमत अशी की 'सांगता येत नाही' याच्या पुढे उद्गारचिन्ह लावलं तरी ते 'सांगता येत नाही'च राहतं. म्हणजे चुकीच्या स्पेलिंगचा फिल्टर सरळ चालवा की उलटा, हाती शून्य.

एरवी डोकं खाणारा हा नियम दुरुस्तीच्या वेळी मात्र फार कामाला येतो. संशय असलेला तुकडा एकटा काढायचा. एकदा सरळ चालवायचा, एकदा उलटा, आणि दोन्हींचे आकडे मांडायचे. बेरीज एकूण एंट्रींइतकी भरली तर तो तुकडा सर्व्हरला कळतोय, घोळ दुसरीकडे आहे. दोन्हीकडे शून्य आलं तर सर्व्हरला प्रश्नच कळलेला नाही. एकतर नाव चुकलंय, किंवा त्या अ‍ॅट्रिब्यूटवर तसली तुलना चालत नाही, किंवा तो रकाना शोधायची तुमच्या खात्याला परवानगी नाही. ओपनएलडॅपच्या लॉगमध्ये तर अनोळखी अ‍ॅट्रिब्यूटच्या आधी प्रश्नचिन्ह छापलेलं दिसतं. ते प्रश्नचिन्ह बघायला न शिकल्याने मी एकदा अख्खा शनिवार घालवलाय.

चुकलेला तुकडा 'आणि'च्या जोडीत असेल तर सगळी यादी शून्यावर येते, त्यामुळे निदान कळतं तरी. 'किंवा'च्या जोडीत असेल तर तो निमूट पडून राहतो. बाकीच्या अटींमुळे यादी येते, थोडी कमी येते, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

आपलं 'आणि', त्याचं 'आणि'

"पुणे आणि नाशिकच्या लोकांची नावं दे." मराठीत या वाक्यात काही चूक नाही. पण ते जसंच्या तसं फिल्टरमध्ये उतरवलं, म्हणजे & लावून शहर पुणे आणि शहर नाशिक असं लिहिलं, तर यादी रिकामी. एकाच माणसाचं शहर एकाच वेळी पुणे आणि नाशिक कसं असेल? बोलताना आपलं 'आणि' दोन गठ्ठ्यांना जोडतं, फिल्टरमधलं & एकाच कागदावरच्या दोन अटींना जोडतं. इथे हवं 'किंवा', म्हणजे उभी रेघ:

(|(शहर=पुणे)(शहर=नाशिक))

उलट बाजूने त्याहून जास्त लोक पडतात. "सेल्सचे किंवा अकाउंट्सचे नकोत." त्यावर लिहिला जाणारा फिल्टर:

(|(!(डिपार्टमेंट=सेल्स))(!(डिपार्टमेंट=अकाउंट्स)))

सेल्सचा माणूस अकाउंट्समध्ये नसतो, म्हणून दुसऱ्या अटीतून आत येतो. अकाउंट्सचा माणूस पहिल्या अटीतून येतो. यादीत सगळी कंपनी. नकार एकदाच आणि बाहेरून लावायचा:

(!(|(डिपार्टमेंट=सेल्स)(डिपार्टमेंट=अकाउंट्स)))

चिन्ह नेहमी अटींच्या आधी येतं, मधे नाही. अटी कितीही असोत, & किंवा उभी रेघ सुरुवातीला एकदाच. उद्गारचिन्हाला मात्र एकच कंस पेलतो.

एकाच रकान्यात दोन किमती

टेबलात एका रकान्यात एक किंमत असते, डिरेक्टरीत अनेक असू शकतात. एका माणसाचे चार ईमेल, तीन फोन, पन्नास ग्रुप. नियम असा की त्यातली कुठलीही एक किंमत जुळली की उत्तर 'हो'.

यातून निघणारा सगळ्यात चमत्कारिक प्रकार बघा. समजा तुमच्या स्कीमात एक्स्टेंशन हा आकड्यांचा अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि एका बाईंकडे दोन एक्स्टेंशन आहेत, १२० आणि ९४०. तुम्ही मागितलं २०० ते ५०० मधलं:

(&(एक्स्टेंशन>=२००)(एक्स्टेंशन<=५००))

त्या बाई यादीत येतात. '२०० किंवा जास्त' याला ९४० ने होकार दिला, '५०० किंवा कमी' याला १२० ने दिला. दोन्ही अटी एकाच किमतीने पुऱ्या कराव्यात असं म्हणायची सोय साध्या फिल्टरमध्ये नाही. असा अ‍ॅट्रिब्यूट असेल तर थोडं जास्त मागवून नंतर स्क्रिप्टमध्ये चाळणी लावणं हाच सरळ मार्ग.

इथे फक्त >= आणि <= आहेत, नुसतं > किंवा < नाही. '५०० पेक्षा जास्त' हवं म्हणून कोणी (!(एक्स्टेंशन<=५००)) लिहितं आणि मग एक्स्टेंशनच नसलेले सगळे आत येतात. प्रिंटरवाली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

आणि आकडा दिसतोय म्हणून तो आकडा असेलच असं नाही. एम्प्लॉयीनंबर हा अ‍ॅट्रिब्यूट मानकात मजकूर म्हणून नोंदलेला आहे आणि त्याला लहानमोठेपणाचा नियम दिलेलाच नाही. त्याच्यावर >= लावलं तर एखादा सर्व्हर 'सांगता येत नाही' म्हणून शून्य देईल, तर दुसरा अक्षरांसारखी तुलना करेल. त्या तुलनेत ९ हा १००० पेक्षा मोठा ठरतो, शब्दकोशात 'ज्ञ' 'क'च्या नंतर येतो तसा.

कॅपिटल एस

आमच्या एका टीममधल्या ताईंची तक्रार होती: लॉगिन होतं, पण टीमचं शेअर्ड फोल्डर उघडत नाही. शेजारच्या मुलाचं उघडतं. ग्रुपमध्ये नाव आहे, मी स्वतः घातलं होतं. परवानग्या तपासल्या, सर्व्हर रीस्टार्ट करून झाला, शेवटी त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून म्हटलं, "ताई, एकदा माझ्यासमोर लॉगिन करा." त्यांनी नावाचं पहिलं अक्षर नीटनेटकं कॅपिटल टाइप केलं.

खुलासा असा. प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटसाठी 'जुळलं' कशाला म्हणायचं याचा नियम स्कीमात लिहिलेला असतो. लिनक्सच्या जगात यूआयडी (लॉगिनचं नाव) हा अ‍ॅट्रिब्यूट लहान-मोठी लिपी बघत नाही, म्हणून लॉगिन झालं. पण पॉझिक्स ग्रुपमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये, सभासदांची नावं मेंबरयूआयडी या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतात आणि त्याचा नियम अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे असा आहे. एकच नाव, एका दारातून आत, दुसऱ्या दारात अडवलेलं. होमडिरेक्टरी आणि लॉगिनशेल यांचाही नियम असाच कडक. उलट टेलिफोननंबर इतका दिलदार आहे की मधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा तो मोजतच नाही.

म्हणून फिल्टर वागत नसेल तेव्हा स्कीमात त्या अ‍ॅट्रिब्यूटसमोरच्या तीन गोष्टी वाचायच्या: बरोबरीचा नियम, लहानमोठेपणाचा नियम आणि तुकडा शोधायचा नियम. नियम तिथे नाही म्हणजे ती सोय नाही.

तुकडा शोधण्यावरून आठवलं. (मेंबरऑफ=*अ‍ॅडमिन*) हा फिल्टर निम्म्या जगाने लिहून बघितला असेल. चालत नाही. मेंबर आणि मेंबरऑफ यांच्यात साधा मजकूर नसतो, दुसऱ्या एंट्रीचा पूर्ण पत्ता असतो, म्हणजे डीएन. त्यावर चांदणी लावता येत नाही, पत्ता गल्लीपासून देशापर्यंत सगळा द्यावा लागतो. त्यात नाव 'पाटील, सुनील' असं स्वल्पविरामासकट असेल तर आणखी एक वळसा. डीएनमध्ये तो स्वल्पविराम उलट्या तिरक्या रेघेने झाकलेला असतो, आणि फिल्टरमध्ये ती तिरकी रेघच \५सी अशी लिहावी लागते. किमतीत खरोखर कंस असेल तर \२८ आणि \२९, खरोखर चांदणी असेल तर \२ए. फॉर्ममधून आलेला मजकूर फिल्टरमध्ये घालणारा प्रोग्रॅम असेल तर हे झाकणं वैकल्पिक नाही. लॉगिनच्या रकान्यात कोणी नुसती चांदणी टाइप केली तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

आडनावांचं दुखणं वेगळंच. चौधरींचं रोमन स्पेलिंग एकाच कंपनीत तीन तऱ्हांनी सापडतं. त्यासाठी ~= हे 'साधारण सारखं' शोधणारं चिन्ह आहे असं पुस्तकात वाचून आपण खूश होतो. ओपनएलडॅपमध्ये ते इंग्रजी उच्चारांच्या हिशेबाने चालतं, मराठी आडनावांना कधी लागतं, कधी नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी तर ते सरळ = समजते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या खोडी

चालू असलेली खाती हवीत म्हणून (यूझरअकाउंटकंट्रोल=५१२) लिहितात. ५१२ म्हणजे साधं, चालू खातं हे खरं. पण त्याच खात्याला 'पासवर्डची मुदत संपू नये' ही खूण केली की त्यात ६५५३६ मिळतात आणि आकडा ६६०४८ होतो. ते खातं चालूच आहे, यादीत मात्र नाही. हा आकडा म्हणजे दिव्यांच्या बटणांची पट्टी. एकूण बेरीज बघायची नसते, आपल्याला हवं ते बटण चालू की बंद एवढंच विचारायचं असतं. 'खातं बंद' या बटणाची किंमत २:

(!(यूझरअकाउंटकंट्रोल:१.२.८४०.११३५५६.१.४.८०३:=२))

मधला लांबलचक क्रमांक म्हणजे 'एवढंच बटण बघ' हा नियम. तो मायक्रोसॉफ्टचा असला तरी ओपनएलडॅपला कळतो. पण यूझरअकाउंटकंट्रोल हा रकाना तिथल्या नेहमीच्या स्कीमात नसतो, त्यामुळे ओपनएलडॅपला हाच फिल्टर दिला तर पुन्हा 'सांगता येत नाही'.

डोमेन यूझर्स या ग्रुपचे सभासद मेंबरऑफने मागा, बहुधा कोणीच येणार नाही, जरी कंपनीतला प्रत्येक जण त्यात असला तरी. ज्याचा जो मुख्य ग्रुप असतो तो मेंबरऑफमध्ये लिहिलाच जात नाही. त्याचा क्रमांक प्रायमरीग्रुपआयडीमध्ये असतो, डोमेन यूझर्ससाठी ५१३. शिवाय मेंबरऑफ फक्त थेट सभासदत्व सांगतं. ग्रुपमधल्या ग्रुपमधला माणूस हवा असेल तर शेवटी १९४१ असलेला तसाच एक नियम लावावा लागतो, आणि मोठ्या डोमेनमध्ये तो रेंगाळतो.

तारखांवर जरा थांबतो, कारण हे आपल्याला भारतात बसून हमखास लागतं. नवीन आर्थिक वर्षात उघडलेली खाती हवी होती, म्हणून फिल्टर दिला:

(व्हेनक्रिएटेड>=२०२४०४०१००००००.०झेड)

पहिल्याच दिवशीची तीसेक नावं गायब. शेवटचं 'झेड' सांगतं की ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे हा फिल्टर १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपासून सुरू होतो. आणि नवीन खाती उघडणारा आमचा बॅच जॉब चालतो रात्री दोनला. आपल्याकडे १ एप्रिलचे दोन वाजलेले असतात तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चचे साडेआठ, रात्रीचे. भारतीय मध्यरात्र हवी तर आकडा २०२४०३३११८३०००.०झेड असा लागतो.

दुसरी तारीख 'शेवटचं लॉगिन'. लास्टलॉगऑन हा अ‍ॅट्रिब्यूट एका डोमेन कंट्रोलरवरून (डिरेक्टरीच्या एका सर्व्हरवरून) दुसऱ्यावर जातच नाही, त्यामुळे मुंबईच्या सर्व्हरला विचारलं आणि नागपूरच्याला विचारलं तर उत्तरं वेगळी. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प सगळीकडे जातो, पण मूळ सेटिंगमध्ये तो १४ दिवसांपर्यंत शिळा असू शकतो. त्याची किंमतही गमतीची, १ जानेवारी १६०१ पासून किती वेळ गेला ते १०० नॅनोसेकंदांच्या एककात. पण खरी गोम वेगळी. '९० दिवसांत लॉगिन न केलेले' म्हणून तुम्ही <= लावून यादी काढता तेव्हा ज्यांनी कधीच लॉगिन केलेलं नाही ते सुटतात. त्यांच्या एंट्रीत हा रकानाच नाही, म्हणून उत्तर 'नाही'. ऑडिटला नेमकी तीच बेवारस खाती हवी असतात. अट अशी जोडावी लागते:

(|(लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प<=अमुक)(!(लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प=*)))

एका ठिकाणी रिकाम्या रकान्याने नको ते आत आणलं, दुसऱ्या ठिकाणी हवं ते बाहेर ठेवलं.

फिल्टरचा दोष नसतो तेव्हा

यादीत बरोब्बर १००० नावं आली तर आनंद मानू नका. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एका वेळी मुळात १००० च एंट्री देते, ओपनएलडॅपची मूळ मर्यादा ५०० ची. उत्तराच्या शेवटी ४ हा निकाल क्रमांक असतो, 'मर्यादा ओलांडली'. पण कितीतरी स्क्रिप्ट तो न बघता आलेली यादी पुरी समजतात. पानापानाने मागवायची सोय असते, ती चालू करावी लागते. मोठ्या ग्रुपचे सभासदही अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एका वेळी १५०० पर्यंतच देते, आणि मग मेंबर या नावाऐवजी मेंबरच्या पुढे 'रेंज ० ते १४९९' अशी शेपटी लावते. स्क्रिप्ट नुसतं 'मेंबर' शोधत असेल तर तिला ग्रुप रिकामा दिसतो. साठ जणांचा ग्रुप नीट दिसतो आणि दोन हजारांचा रिकामा, यामागे बहुतेक वेळा हेच कारण सापडतं.

उत्तर शून्य आलं तरी निकाल क्रमांक वाचावा. शून्य एंट्री आणि निकाल ० म्हणजे शोध पार पडला, जुळलं काही नाही. निकाल ३२ म्हणजे तुम्ही दिलेला बेसच (जिथून शोध सुरू करायचा ती जागा) सापडला नाही, तिथे फिल्टरपर्यंत गाडी पोचलीच नाही. कधी बेस असतो, पण तो बघायची परवानगी नसली तरी ३२ येतो. स्कोपही, म्हणजे किती खोल शोधायचं तेही, बघा: 'वन' दिलं तर बेसच्या थेट खालची एकच पायरी शोधली जाते, आणि माणसं त्याच्याही खालच्या ओयूमध्ये असतात.

एलडॅपसर्च ही शोधाची कमांड एक्स या पर्यायासह चालवताना, खातं सांगणारा कॅपिटल डी हा पर्याय विसरलात तर तुम्ही निनावी. ओपनएलडॅप मग एरर न देता निनावी पाहुण्याला जेवढं दाखवायचं ठरलंय तेवढंच दाखवतं. तुमच्या मशीनवर यादी येते आणि अ‍ॅप्लिकेशनला येत नाही, अशा भांडणात दोघं कोणत्या खात्याने बाइंड, म्हणजे लॉगिन, करतात हे आधी विचारा. एलडॅपहूअ‍ॅमआय ही कमांड ते एका ओळीत सांगते.

फिल्टर एकेरी अवतरणात द्या. कंस आणि & उघडे राहिले तर शेल ती स्वतःचीच चिन्हं समजून बसतं, आणि दुहेरी अवतरणातल्या उद्गारचिन्हावर बॅश तुमच्या जुन्या कमांड शोधायला लागतं. नाव देवनागरीत भरलेलं असेल तर उत्तरात दोन विसर्गांसारखे टिंबांचे जोड आणि पुढे अगम्य अक्षरं दिसतील. डेटा खराब झालेला नाही, तो बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक लिपीत, लिहिलाय, उलगडला की नाव जसंच्या तसं.

मी स्वतः शोध कसा घेतो? जी एंट्री यायला हवी होती आणि आली नाही, अशी एकच धरतो. तिचा पूर्ण डीएन बेस म्हणून देतो, स्कोप 'बेस', फिल्टर (ऑब्जेक्टक्लास=*). दिसली, तर त्याच ठिकाणी मूळ फिल्टरचे तुकडे एकेक करून लावतो. ज्या तुकड्याला ती नाहीशी होते तो गुन्हेगार. मग तोच तुकडा उलटा करून बघायचा. हजारो एंट्रींच्या यादीत डोळे फोडण्यापेक्षा एका एंट्रीला दहा प्रश्न विचारणं स्वस्त पडतं.

एकदा या पद्धतीनेही कोड्यात पडलो होतो. स्कोप 'बेस' ठेवला की एंट्री येई, तोच फिल्टर वरच्या ओयूपासून चालवला की येत नसे. नवीन भरती झालेले सगळे येत, जुने एकही नाही. ओपनएलडॅपची जुन्या पद्धतीची मांडणी होती, स्लॅपडी.कॉन्फ या फाइलमधली. आदल्या आठवड्यात कोणीतरी शोध जलद व्हावा म्हणून त्या अ‍ॅट्रिब्यूटला इंडेक्स (शोधासाठीची सूची) लावला होता. फाइलमध्ये ओळ घालून सर्व्हर रीस्टार्ट केला की इंडेक्स तयार होतो असा समज. पण जुन्या एंट्री त्यात आपोआप चढत नाहीत, आणि सर्व्हर आता इंडेक्सवरच विसंबून राहतो. इंडेक्समध्ये नाव नाही म्हणजे तो कागद गठ्ठ्यातून काढायचाच नाही. सर्व्हर बंद करून स्लॅपइंडेक्स चालवावं लागतं. ते रूट म्हणून चालवलंत तर पुन्हा सुरू करण्याआधी डेटाबेसच्या फाइलींची मालकी ओपनएलडॅपच्या खात्याकडे परत द्या, नाहीतर सर्व्हर उठतच नाही.